बेन किंग्सली : 'गांधी'च्या आधीचा आणि नंतरचा

तिसरी_घंटा

परवा ३० जानेवारीला घरी 'गांधी' लावला. चौदा वर्षांची लेक शेवटपर्यंत बसली. १९१ मिनिटांचा सिनेमा, मध्ये फक्त एकदा पाणी प्यायला उठली. संपल्यावर म्हणाली, "बाबा, हा माणूस खरंच इंग्लिश आहे? मग बाकी कशाकशात आहे?" मी 'शिंडलर्स लिस्ट' आणि 'ह्युगो' अशी दोन नावं सांगितली. मग चार रात्री बसून या नटाविषयी मिळेल ते वाचत गेलो. त्यातून एक प्रश्न पडलाय, तो तुमच्यापुढे ठेवतो.

बेन किंग्सलीचा जन्म ३१ डिसेंबर १९४३ चा, यॉर्कशरमधल्या स्नेन्टन गावचा. मूळ नाव कृष्णा भानजी. वडील डॉक्टर, गुजराती इस्माइली कुटुंबातले, केनियात जन्मलेले, झांझिबारमध्ये वाढलेले. आई इंग्लिश, तिनेही मॉडेलिंग आणि अभिनय केलेला. मुलगा वाढला मँचेस्टरजवळ पेंडलबरीला. तरुणपणी शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, त्याच्याच नाटकातला इयन होमचा तिसरा रिचर्ड पाहिला आणि नट व्हायचं पक्कं केलं. १९६६ मध्ये लंडनच्या एका नाटकात गिटार घेऊन गायला, तेव्हा गायक म्हणून पुढे जायची संधी चालून आली होती. ती सोडून १९६७ मध्ये तो रॉयल शेक्सपिअर कंपनीत दाखल झाला. पुढची तेरा वर्षं मुख्यतः नाटक, मधूनमधून टीव्ही. 'गांधी'चं शूटिंग नोव्हेंबर १९८० मध्ये सुरू झालं तेव्हा वय ३६, आणि नाव घेण्यासारखा सिनेमा त्याआधी एकच, १९७२ चा 'फिअर इज द की'.

म्हणजे ऑस्करच्या मंचावर जो 'नवा चेहरा' जगाला दिसला, तो मुळात मुरलेला रंगकर्मी होता. आणि आज त्याच्या कामांची यादी बघा. सिनेमेच सिनेमे. नाटक शोधावं लागतं.

माझं मत: 'गांधी'ने सिनेमाला एक थोर नट दिला, पण इंग्लिश रंगभूमीकडून तो काढून घेतला. तुम्हाला काय वाटतं?

विंगेतून

छान विषय. पहिल्या तेरा वर्षांवर तुम्ही एका वाक्यात उडी मारलीत, तिथे जरा थांबू या. मी वीस वर्षं प्रायोगिक नाटकांत बॅकस्टेज केलंय, त्यामुळे माझा जीव तिकडेच ओढतो.

१९७० मध्ये पीटर ब्रुकने स्ट्रॅटफर्डला 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' बसवलं. जंगल नाही, झाडं नाहीत, पांढऱ्याशुभ्र तीन भिंतींची एक पेटी. पऱ्या झोपाळ्यांवरून खाली येतात, जादूचं फूल म्हणून काठीवर फिरणारी थाळी. नाटक शिकणाऱ्या प्रत्येकाला हा प्रयोग वाचावाच लागतो. त्यात डिमिट्रियस, म्हणजे जंगलात हरवणाऱ्या प्रेमिकांपैकी एक, होता किंग्सली. ते नाटक पुढे न्यू यॉर्कला ब्रॉडवेलाही गेलं.

पण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट १९७५ ची. कंपनीने स्ट्रॅटफर्डमध्येच पत्र्याच्या एका शेडमध्ये छोटं नाट्यगृह सुरू केलं होतं, 'द अदर प्लेस'. जेमतेम दीडशे माणसं मावतील एवढी जागा. ते चालवायची बझ गुडबडी ही तरुण दिग्दर्शिका. तिने तिथे 'हॅम्लेट' बसवलं, आजच्या काळातल्या कपड्यांत, आणि हॅम्लेट केला किंग्सलीने. प्रयोग नुकते सुरू झाले होते तेवढ्यात बझने आपलं आयुष्य संपवलं. वय फक्त २८. नटांनी ते नाटक तिच्यामागे चालवलं, पुढे लंडनलाही नेलं.

त्या पत्र्याच्या शेडमध्ये प्रेक्षक हाताच्या अंतरावर असतो. तिथे आवाज फेकून चालत नाही, पापणी हलली तरी दिसते. आपल्याकडे त्याच सुमाराला, १९७४ मध्ये, दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये नाटकं सुरू झाली. तिथे काम केलेल्या कुणालाही विचारा, कॅमेऱ्यासमोर उभं राहायला त्यांना वेगळं शिकावं लागलं नाही. किंग्सलीचंही तसंच झालं असणार. मोठ्या पडद्यावरचा गांधी त्या शेडमध्ये तयार होत होता असं मला मनापासून वाटतं.

कोकणी_मेवा

आमच्या घरातल्या पोरांसाठी तो फक्त ट्रेव्हर स्लॅटरी आहे. 'आयर्न मॅन ३' मधला. हाच गांधी झाला होता हे सांगितल्यावर धाकटा दोन मिनिटं गप्प. तो गप्प बसायची ही या वर्षातली पहिली वेळ :)

तिसरी_घंटा

@विंगेतून, बझ गुडबडीबद्दल ओझरतं वाचलं होतं, असं नीट कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. तुमच्या प्रतिसादाने माझं म्हणणं पक्कंच झालं की हो! एवढं ज्याच्या पदरी आहे त्याला सिनेमाने पळवलं.

चरख्याची_नात

मला नाटकातलं काही कळत नाही. मी एकाच गोष्टीबद्दल लिहिणार आहे, आणि ती म्हणजे त्याचे हात.

माझी आजी वर्ध्याकडची. लग्नाआधीपासून सूत कातायची, ते थेट ऐंशी ओलांडेपर्यंत. पेटीचरखा होता, अजून माझ्याकडे आहे. मी लहानपणी कातायला बसायचे आणि धागा तुटला की रडायचे. ज्यांनी कधी कातलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, डाव्या हाताच्या चिमटीत अगदी हलका धरायचा, चिमणीचं पिल्लू धरावं तसा. उजव्या हाताने चाक. डावा हात मागे मागे जातो तसतसा पेळूतून धागा निघतो. हात लांबला की चाक किंचित उलटं घ्यायचं, धागा सोडवायचा, आणि मग चातीवर, म्हणजे चरख्याच्या टोकदार सळईवर, गुंडाळायचा. चाक जोरात फिरलं तर पीळ जास्त बसतो आणि धागा वळवळतो. डाव्या हाताने घाई केली तर तटकन तुटतो. दोन हातांच्या दोन वेगळ्या गती सांभाळायच्या, त्यात बोललं की लक्ष गेलंच.

'गांधी'त हा माणूस कातता कातता संवाद म्हणतो. नजर समोरच्या माणसाकडे, बोलण्यात घाई नाही, आणि डावा हात आपल्या लयीत मागे जातोय. शूटिंगआधी तो चरखा शिकला होता. आजीने नागपूरला थिएटरमध्ये सिनेमा पाहिला तेव्हा मी शेजारी होते, नऊ-दहा वर्षांची. सगळं थिएटर डोळे पुसत होतं आणि आजी माझ्या कानात म्हणाली, "याला येतंय गं."

आजीच्या तोंडून त्याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकली नाही.

विंगेतून

@चरख्याची_नात, काय सुरेख लिहिलंत. वाचनखूण साठवली.

सहा_सत्तावीसची_लोकल

+१. आजी ग्रेट.

मूळ प्रश्नाबद्दल: त्याला 'शिंडलर्स लिस्ट'साठीही ऑस्कर मिळालं ना? मग सिनेमाने त्याचं सोनंच केलं म्हणायचं.

तिसरी_घंटा

नाही. ऑस्कर एकदाच, 'गांधी'साठी, १९८३ च्या सोहळ्यात. स्पर्धेत कोण होतं बघा: पॉल न्यूमन, डस्टिन हॉफमन, जॅक लेमन, पीटर ओटूल. त्यानंतर तीन नामांकनं: 'बग्सी' (१९९१), 'सेक्सी बीस्ट' (२०००) आणि 'हाउस ऑफ सँड अँड फॉग' (२००३). 'शिंडलर्स लिस्ट'साठी ऑस्करचं नामांकनसुद्धा नव्हतं, बाफ्टाचं, म्हणजे ब्रिटिश चित्रपट पुरस्काराचं, होतं. १९८४ मध्ये आपल्या सरकारने पद्मश्री दिली, २००२ मध्ये तिकडे नाइटहूड.

आबा_मिरजकर

'शिंडलर्स लिस्ट'साठी ऑस्करला विचारही झाला नाही ही गोष्ट मला आजही खटकते. लियाम नीसन बोलतो, रेफ फाइन्स भीती घालतो, आणि किंग्सलीचा इत्झाक स्टर्न कोपऱ्यात हिशेबाची वही घेऊन उभा असतो. पण अख्ख्या सिनेमाची नीतिमत्ता त्या उभं राहण्यात आहे. सुरुवातीला शिंडलर त्याला दारू देऊ करतो तेव्हा तो ग्लासाला हात लावत नाही. पुढे, सगळं संपत आल्यासारखं वाटतं तेव्हा, आता ती घ्यावी असं तोच म्हणतो. डोळे भरलेले, पण आवाज हिशेबनिसाचाच. दोन प्रसंगांमध्ये किती अंतर आहे बघा, आणि हा नट ते सगळं अंतर जपून ठेवतो.

दुसरा मुद्दा नावाचा. कृष्णा भानजी या नावाने ऑडिशनला जायचा तेव्हा 'उत्तम झालं, पण तुम्हाला कुठे बसवावं कळत नाही' असं ऐकावं लागायचं, हे त्याने स्वतः सांगितलंय. नाव बदललं आणि कामं मिळू लागली. 'किंग्सली' आलं आजोबांवरून, ते झांझिबारला मसाल्याचे व्यापारी, लवंगांचा राजा म्हणून ओळखले जायचे. म्हणजे इंग्लिश वाटणाऱ्या नावातही लवंगांचा वास आहे! पण मला प्रश्न पडतो तो असा, की ज्या नावामुळे दार बंद होत होतं, त्याच रक्तामुळे पुढे गांधींची भूमिका मिळाली. याला काय म्हणायचं?

माधवी_लीड्स

आबा, याला आम्ही इकडे रोजचा दिवस म्हणतो.

मी २००३ मध्ये यॉर्कशरमध्ये आले. पहिल्या नोकरीत साहेबांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "मॅडी म्हटलं तर चालेल?" मी हो म्हटलं. अकरा वर्षं मी मॅडी होते. आई फोनवर 'माधवी' म्हणायची तेव्हा क्षणभर कुणा दुसरीला हाक मारल्यासारखं वाटायचं. नोकरी बदलली त्या दिवशी पाटीवर पूर्ण नाव लिहून घेतलं.

म्हणून कृष्णा भानजीला मी कधीच दोष देणार नाही. साठच्या दशकात, मँचेस्टरजवळच्या गावातून, त्या रंगाच्या मुलाने शेक्सपिअर करायचं ठरवलं होतं. त्याने नाव दिलं आणि हॅम्लेट घेतला. मला तर मॅडीच्या बदल्यात फक्त पार्किंगची जागा मिळाली होती!

सह्याद्रीचा_वारा

मी जरा वेगळं बोलतो. कुणी मनाला लावून घेऊ नका.

गांधींचं काम भारतीय नटाने करायला हवं होतं, असं त्या वेळी आपल्याकडे अनेकांना वाटत होतं आणि मला आजही वाटतं. नसिरुद्दीन शाहला लंडनला बोलावून स्क्रीन टेस्ट घेतली होती. आपल्याकडे नट नव्हते का? किंग्सलीने काम उत्तम केलं, मान्य. पण सगळ्या जगाच्या डोळ्यांपुढे आज गांधी म्हणून जो चेहरा येतो तो एका इंग्लिश नटाचा आहे, हे मला बोचतं.

आबा_मिरजकर

बोचणं समजू शकतो. पण त्या सिनेमातली भारतीय माणसं मोजा की. कस्तुरबा रोहिणी हट्टंगडी, म्हणजे आपल्या पुण्याची. गोखले डॉ. श्रीराम लागू. नेहरू रोशन सेठ, पटेल सईद जाफरी, जिना अलीक पदमसी. छोट्या छोट्या कामांत ओम पुरी, अमरीश पुरी, नीना गुप्ता, सुप्रिया पाठक. रोहिणीताईंना तर सहायक अभिनेत्रीचं बाफ्टा मिळालं, मॉरीन स्टेपल्टनबरोबर विभागून.

आणि हिंदी 'गांधी'त किंग्सलीला आवाज पंकज कपूरचा आहे. त्या सिनेमात तो गांधींचे सचिव प्यारेलालही झालाय. तेव्हा हिंदीतून पाहणाऱ्यांचे गांधी निम्मे आपलेच.

नाटकवेडी_सुमन

रोहिणीताईंचं नाव निघालं म्हणून लिहिते. माझं वय ७१, मुलाच्या मदतीने टंकतेय.

पुण्यात आगाखान पॅलेसला पाहुण्यांना घेऊन मी निदान पंचवीस वेळा गेले असेन. कस्तुरबा गेल्या २२ फेब्रुवारी १९४४ ला, तिथेच, नजरकैदेत. गांधींचे सचिव महादेवभाई देसाई त्याआधीच, १५ ऑगस्ट १९४२ ला. मागच्या बाजूला दोघांच्या समाध्या आहेत, तुळशीवृंदावनासारख्या. सिनेमाचं चित्रीकरणही त्या वास्तूत झालं आहे. त्यामुळे बांच्या आजारपणाचा भाग पाहताना मला सिनेमा पाहतोय असं वाटतच नाही.

त्या प्रसंगात बोलणं फार थोडं आहे. नवरा बायकोजवळ नुसता बसून राहतो. मी माझ्या यजमानांजवळ अशीच बसले होते शेवटचे अकरा दिवस, म्हणून सांगते, ते बसणं खरं आहे. त्यात आशा नसते, पण उठावंसंही वाटत नाही. पाठ कशी वाकते, हात कुठे ठेवावा कळत नाही. किंग्सलीला ते कुणी शिकवलं असेल? तेव्हा तो चाळिशीचाही नव्हता.

रोहिणीताईही तेव्हा तरुणच होत्या. दोघांनी मिळून साठ वर्षांचा संसार दाखवला.

माधवी_लीड्स

सुमनताई, वाचून थांबले. नमस्कार करते.

कोल्हापुरी_साज

कोल्हापूरकर असून मी अजून गप्प आहे याचं मलाच नवल वाटतंय. धाग्यावर भानू अथैया यांचं नाव कुणीच घेतलेलं नाही!

भानूताई मूळच्या राजोपाध्ये, जन्म कोल्हापूरचा, १९२९ चा. वडील चित्रकार. शिकल्या जे.जे. मध्ये. 'सी.आय.डी.'पासून सिनेमाचे कपडे करू लागल्या. 'गांधी'च्या वेशभूषेचं ऑस्कर त्यांना जॉन मोलोबरोबर विभागून मिळालं. ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती. आयुष्याच्या शेवटी ती बाहुली नीट जपली जावी म्हणून त्यांनी ती अकादमीकडेच सुपूर्द केली. २०२० मध्ये गेल्या.

आणि हे अवांतर नाही. किंग्सलीचा अभिनय कपड्यांमधून बघा एकदा. सुरुवातीला ताठ कॉलर, तीन तुकड्यांचा सूट, १८९३ चा तेविशीतला बॅरिस्टर. मान हलवायची तर खांदे हलतात. मग काठियावाडी पागोटं आणि अंगरखा. शेवटी पंचा. जसजसे कपडे कमी होतात तसतशी चाल सुटी होत जाते, पावलं जमिनीला लागतात. कापड अंगावर कसं पडेल हे भानूताईंनी ठरवलं आणि त्या कापडात कसं चालायचं हे त्याने. पंचा नेसून झपाझप चालणं सोपं नाही, गणपतीत सोवळं नेसून जिने चढणाऱ्यांना विचारा :)

सहा_सत्तावीसची_लोकल

भानूताई मराठी होत्या हे आज कळलं. अथैया आडनावामुळे कधी वाटलंच नाही.

रात्रपाळी

सगळे गांधींवरच थांबलेत. मी एक सुचवतो, 'सेक्सी बीस्ट' बघा. मुलांना घेऊन नको.

स्पेनमधल्या उन्हात एक निवृत्त गुन्हेगार सुखात राहतोय, रे विन्स्टन. त्याला परत एका दरोड्यासाठी न्यायला लंडनहून डॉन लोगन येतो, तो किंग्सली. अंगाने किरकोळ, डोकं तुळतुळीत, कडक इस्त्रीचा शर्ट. यायच्या आधी नुसतं नाव निघालं तरी चार धडधाकट माणसांचे चेहरे उतरतात. आल्यावर खुर्चीत बसतो तो पाठ न टेकता. समोरचा 'नाही' म्हणतो, हा तोच प्रश्न परत विचारतो, परत, परत, आवाजाची पट्टी बदलत. शिव्या एवढ्या की मोजता येत नाहीत, आणि तरी मला शिव्यांची भीती वाटली नाही. तो थांबतो ना मध्येच, त्याची वाटली. सकाळी आरशासमोर दाढी करताना स्वतःशीच भांडतो तो प्रसंग तर मी रात्री एकट्याने बघून दिवा लावला होता.

ही भूमिका त्याने स्वतःच्या आजीवरून उभी केली असं तो सांगतो. आईची आई, फार विखारी बाई होती म्हणे. चरख्याची_नात यांची आजी आणि ही आजी, दोन्ही एकाच धाग्यावर आल्या.

'गांधी' केलेल्या माणसाला हे काम द्यायला दिग्दर्शक जोनाथन ग्लेझरची छाती पाहिजे. आणि ते करायला नटाची.

विंगेतून

आता मी धागाकर्त्याशी असहमती नोंदवते. आधी बोलायचं राहिलं.

तुम्ही म्हणता 'गांधी'ने त्याला रंगभूमीवरून नेलं. तारखा बघा. शूटिंग झाल्यावर त्याने कुठलं काम हातात घेतलं? 'एडमंड कीन' नावाचं एकपात्री नाटक, आधी लंडनला आणि १९८३ मध्ये ब्रॉडवेवर. ऑस्कर मिळाल्याच्या वर्षी, जेव्हा हॉलिवूड पायघड्या घालत असणार, तेव्हा हा माणूस रोज रात्री एकटा स्टेजवर उभा राहून एकोणिसाव्या शतकातल्या एका नटाचं आयुष्य जगत होता. कीन म्हणजे इंग्लिश रंगभूमीचा वादळी नट, दारूने आणि बेबंदपणाने संपलेला. १८३३ च्या मार्चमध्ये ऑथेल्लो करताना तो स्टेजवरच कोसळला. समोर इयागो, म्हणजे त्या नाटकातला खलनायक, होता त्याचा स्वतःचाच मुलगा. त्यानंतर दोन महिन्यांत गेला.

आणि किंग्सलीने पुढे १९८५ मध्ये काय केलं? रॉयल शेक्सपिअर कंपनीत परत येऊन ऑथेल्लो. दिग्दर्शक टेरी हँड्स, इयागो डेव्हिड सुशे. कीनची भूमिका करून मग ज्या नाटकात कीन पडला त्याच नाटकात उभं राहणं, हे मला फार मोठं वाटतं. अडकलेला माणूस असं करत नाही.

क्रॉयडनचा_अमोल

विंगेतून यांना दुजोरा, आणि माझ्याकडे साक्षीपुरावा आहे. मी १९९७ मध्ये लंडनच्या ओल्ड विक थिएटरला 'वेटिंग फॉर गोदो' पाहिलंय. दिग्दर्शक पीटर हॉल, ज्यांनी १९५५ मध्ये हे नाटक इंग्लिशमध्ये पहिल्यांदा बसवलं होतं. व्लादिमिर अॅलन हॉवर्ड, एस्ट्रागॉन किंग्सली. तेव्हा शिकत होतो, खिशात पैसे नव्हते, सगळ्यात वरच्या मजल्यावरचं सगळ्यात स्वस्त तिकीट.

नाटक सुरू होतं तेच एस्ट्रागॉन बूट काढायची धडपड करतोय इथून. मी वरून बघतोय, मला त्याचं टक्कल आणि तो बूट, एवढंच दिसतंय. ओढतो, दमतो, सोडतो, परत ओढतो. आणि मला अचानक माझ्या वडिलांचे पाय दिसले. मिलमधून आल्यावर पडवीत बसून बूट काढायचे, तसेच. एकही संवाद झाला नव्हता अजून. तीस वर्षांत मी लंडनमध्ये बरीच नाटकं पाहिली. त्या बुटाइतकं काही लक्षात नाही.

मध्यंतरात शेजारचे म्हातारे गृहस्थ म्हणाले, त्यांनी त्याचा स्ट्रॅटफर्डचा हॅम्लेट पाहिला होता. मी त्यांना म्हटलं मी त्याचा गांधी शाळेच्या सहलीत पाहिला होता. आम्ही दोघे एकमेकांचा हेवा करत बसलो.

तिसरी_घंटा

'कीन' आणि 'ऑथेल्लो' माझ्या वाचनात आलं होतं, पण ऑस्करच्या तारखेशेजारी ठेवून बघितलं नव्हतं. विंगेतून, तुमचं बरोबर आहे. 'गांधी'ने लगेच नेलं हे म्हणणं मागे घेतो.

पण अमोल, तुम्ही पाहिलेल्या गोदोनंतर पुढे काय? त्यानंतर त्याच्या यादीत सिनेमेच जास्त, आणि त्यातले कित्येक पडेल. 'थंडरबर्ड्स', 'ब्लडरेन', 'द लव्ह गुरू'. एस्ट्रागॉनच्या बुटातून बाप दाखवणाऱ्या नटाने हे का करावं? हे बघताना मला राग येत नाही, वाईट वाटतं.

रात्रपाळी

नटाला काम करत राहावं लागतं. दोन वाईट सिनेमांच्या मध्ये 'हाउस ऑफ सँड अँड फॉग'ही आहे. इराण सोडून आलेला कर्नल, दिवसा रस्त्याच्या कामावर मजुरी करतो आणि घरी जायच्या आधी हॉटेलच्या बाथरूममध्ये सूट घालतो. ज्यांचे वडील परदेशात पडेल ते काम करून घरी ताठ मानेने आले, त्यांना तो सिनेमा दोनदा बघवणार नाही.

माधवी_लीड्स

त्याची भूमिकांची यादी नुसती वाचली तरी एक गोष्ट दिसते. गुजराती गांधी, पोलिश ज्यू हिशेबनीस, अॅन फ्रँकचे वडील, इराणी कर्नल, 'लर्निंग टू ड्राइव्ह'मधला शीख टॅक्सीवाला, लंडनचा गुंड. ज्याला 'कुठे बसवावं कळत नाही' म्हणत होते, तो सगळीकडे बसला. मला यात वाईट सिनेमांचं दुःख वाटतच नाही.

सह्याद्रीचा_वारा

माधवीताई, या प्रतिसादाने माझी बोच थोडी कमी झाली. पूर्ण नाही. पण थोडी.

बाकी 'तीन पत्ती'त अमिताभसमोर तो बसलाय हे कुणी लिहिलं नाही अजून. २०१० चा. सिनेमा सोडा, दोघांचे आवाज ऐकायला बघा.

चरख्याची_नात

@तिसरी_घंटा, लेकीला पुढे काय दाखवलंत?

तिसरी_घंटा

काल रात्री 'ह्युगो'. 'सेक्सी बीस्ट' मी एकट्याने पाहिला आणि रात्रपाळीप्रमाणे दिवा लावला.

'ह्युगो'त तो जॉर्ज मेलिएस आहे. सिनेमाच्या पहिल्या काळातला जादूगार, विस्मृतीत गेलेला, पॅरिसच्या स्टेशनवर खेळण्यांचं दुकान मांडून बसलेला. त्या मुलाची वही तो हिसकावून घेतो आणि पानं फर्रकन उलटतो, चित्रातला यंत्रमानव हलायला लागतो. पानं उलटणारा अंगठा थांबतो आणि म्हाताऱ्याच्या तोंडावरचं रक्त उतरतं. लेकीने तिथे सिनेमा थांबवला, मागे नेला, परत बघितला. मग म्हणाली, "बाबा, त्या चरख्यावाल्या मावशींना सांग, याचे हात याही सिनेमात बोलतात."

तिने हा सगळा धागा वाचलाय. सुमनताईंना तिने नमस्कार सांगितलाय. या रविवारी आगाखान पॅलेसला जायचं ठरलंय. आणि तिला कातून बघायचंय. पुण्यात शिकायला टकळी (हातात धरून कातायची चाती) आणि पेळू कुठे मिळतील, कुणाला ठाऊक आहे का?

चरख्याची_नात

माझ्याकडे आजीच्या दोन टकळ्या आहेत, त्यातली एक तिची. पेळू वर्ध्याहून मागवते. सुरुवातीला धागा दर वितीला तुटेल, तिला सांगा रडायचं नाही, तुटलेली टोकं चिमटीत धरून पेळूला चिकटवायची आणि पुढे कातायचं. पत्ता व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवा.

नाटकवेडी_सुमन

रविवारी किती वाजता येताय? मी येरवड्यालाच राहते.